झुंबरचा जामीन

“मग सातबारा देणार आहात की नाही, आक्का? काय ते एकदाच सांगा.”

भिमाआक्का मठाच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. एक पिवळं पान त्यांनी बाजूला काढलं.

“देता येत नाही.”

कलावतीनं कपाळाला हात लावला. सकाळपासूनचा हा चौथा नकार.

तिचा धाकटा भाऊ सुदाम बाजारातल्या मारामारीत आत गेला होता. जामीन मंजूर होऊन अकरा दिवस झाले, तरी तो आतच. रोख भरायचे तर पंचवीस हजार. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईनं ते आणायचे कुठून? नाहीतर शेताचा किंवा घराचा कागद घेऊन कुणीतरी जामीनदार उभं राहायला हवं. गावात एकाचा सातबारा बँकेत अडकलेला, एकाची बायको नको म्हणाली, आणि तिसऱ्याची कंबर नेमकी आजच धरली होती. राहता राहिल्या आक्का. मठाचं दीड एकर त्यांच्याच नावावर होतं.

“सुदाम पळणारा नाही हो. कडेवर घेऊन वाढवलाय मी त्याला. तुम्ही डोळे झाकून सही करा.”

“नसेल पळणारा. पण माझा उतारा आधीच कोर्टात गुंतलाय. झुंबरसाठी.”

“कोण झुंबर?”

“आपल्या विहिरीवरची मोटर नेली ना, तो.”

कलावती उठून उभीच राहिली.

“अहो, त्याच्यावर फिर्याद तुम्हीच दिलीत ना?”

“दिली की. चोरी खरीच होती.”

“आणि जामीनही तुम्हीच?”

“तीन तारखा वाट पाहिली. त्याच्यासाठी कुणी आलंच नाही. जज्जसाहेबांनीही दोनदा विचारलं, ‘आजी, नक्की ना?’”

“धन्य आहे तुमची! चोर बाहेर हिंडतोय, आम्ही तीन महिने हातानं पाणी शेंदतोय, तळहाताला घट्टे पडले, आणि माझा भाऊ... बारा वर्षं तुमच्या पायाशी बसले मी, आक्का. त्याचं हे फळ?”

आक्कांनी दुसरी जुडी सोडली.

“तुझं घरकुल कुणाच्या नावावर आहे गं?”

कलावती विहिरीकडे बघायला लागली. पोहरा कठड्यावर ठेवलेला होता. त्याच्यातून पाणी ठिबकत होतं...

“माझ्याच,” ती शेवटी म्हणाली. “पण ते एकच आहे, आक्का. दोन खोल्या. सरकारचे पैसे पुरले नाहीत, तेव्हा गळ्यातलं मोडून वर पत्रे घातलेत मी.”

“माझंही शेत एकच आहे.”

“तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला कशाचं काही नाही.”

“परवा नव्या बायकांना तूच शिकवत होतीस. ‘माझं’ म्हणायचं सोडा, म्हणजे सुटाल. छान सांगत होतीस हो. मीही दाराआड उभी राहून ऐकलं.”

कलावतीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. राग आक्कांचा आला, झुंबरचा आला, त्या मारकुट्या सुदामचा तर आलाच आला.

“सांगायला काय जातंय!” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “पण उद्या सुदाम पळाला तर?”

बोलून गेली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

आक्कांनी मेथी बाजूला सारली.

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. पायऱ्या उतरल्या. कलावतीनं रागारागात भिरकावलेल्या चपला पडल्या होत्या, एक तुळशीपाशी, एक पार फाटकाजवळ. दोन्ही वाकून उचलल्या, पदरानं पुसल्या आणि आणून तिच्या पायांपुढे ठेवल्या. तोंड फाटकाकडे करून.

“अगोबाई, आक्का! काय करताय हे!”

“अकराची एसटी तुझ्या घरावरूनच जाते. घरपट्टीची पावती घे, आणि दोन फोटो. फोटो विसरू नकोस, परत पाठवतात.”

कलावतीनं एक पाय चपलेत घातला. दुसरा घालवेना.

“एवढं तरी सांगा. त्या झुंबरवर तुम्ही भरवसा ठेवलात तरी कसा?”

“भरवसा?” आक्का पुन्हा मेथीपाशी बसल्या. “छे गं. तीळभरसुद्धा नाही. भरवसा असता, तर जामीन कशाला लागला असता?”