गोजराबाईचा वस्तरा

धावरखेडच्या ओढ्याकाठी, उंबराखाली उंबरनाथ महाराजांचे आसन होते. एक घोंगडी आणि मुखी रामनाम, एवढाच काय तो महाराजांचा संसार! त्याच गावात गोजराबाई ही न्हाव्याची विधवा राहत असे. नवऱ्यामागे त्याची वस्तऱ्या-कात्रीची धोकटी खुंटीवर धूळ खात होती. ती पाहून महाराज एकदा म्हणाले, "बाई, टांगलेल्या हत्यारानं कुणाचं पोट भरलंय? खाली काढ ती."

झाले! गोजराबाई ओसरीत बसून वस्तऱ्याला धार लावू लागली. पट्ट्यावर घासताना पाते पाठीवर उलटायचे, धारेवर नाही, हे ध्यानात येईपर्यंत तिने चामड्याचा पट्टा दोनदा कापला आणि बोटे किती वेळा, ते तिलाच ठाऊक. पण बाई हटली नाही. रंगराव देशमुख मात्र येताजाता हसत. "माकडाच्या हाती कोलीत! चूल सोडून वस्तरा धरतेय!" देशमुख हसले की मागून हसणाऱ्यांना गावात काय तोटा?

पुढे काय झाले, देशमुखांच्या दोन वर्षांच्या नातवाच्या डोक्यात फोड उठले. पुवाने केस चिकटले, पोर तापाने फणफणले. वैद्य म्हणाले, "केस उतरल्याशिवाय लेप बसायचा नाही. उद्यावर ढकललंत तर लेकरू हाती लागणार नाही." गावचा न्हावी लग्नकार्याला दूर गेलेला. अडला हरी! रंगराव भर दुपारी गोजराबाईच्या दारात आले.

ती लगेच निघाली नाही. तिने बारीक दगडावर पाणी शिंपडले, पाते आडवे टेकवून हलक्या हाताने फिरवले, मग पट्ट्यावर परजले. आपल्या डोक्याचा एक केस उपटून धारेवर टेकवला. केस वाकला, तुटला नाही. तिने पुन्हा पट्टा ताणला.

रंगराव ओरडले, "पोर मरणाच्या दारात अन् तू चामडं घासत बसलीस?"

"दादासाहेब, अर्धवट धार क्येस वढती. क्येस वढला की फोड फुटतोय. पुरी धार लागल्याबिगर मी न्हाय उठायची."

चौथ्या खेपेला केस नुसता टेकताच तुटून पडला. तेव्हा ती उठली, उंबराच्या दिशेने हात जोडले आणि वाड्याकडे निघाली.

आजीच्या मांडीवर लेकराचे डोके धरले होते. एकेका फोडाभोवतीचे केस अलगद उतरत होते. शेवटची बट उरली आणि पोराने जोरात हिसका दिला! पाते टाळूवर आडवे फिरले. रंगरावांनी ते डोळ्यांनी पाहिले. आजीने किंकाळी फोडली. "महाराज!" एवढेच गोजराबाई बोलली.

तिने ओल्या फडक्याने टाळू पुसली. साधा ओरखडासुद्धा नव्हता! तिने उरलेली बट उतरवली. वैद्यांनी लेप लावला.

रंगराव अनवाणीच उंबराकडे धावले. महाराज डाव्या तळहातावर चिंधी बांधत होते. खाली आडवा, सरळ घाव होता.

"महाराज, हे..." रंगरावांनी घावाकडे बोट दाखवले.

"घाव लेकराचा होता. मी रामाकडं मागून घेतला."

रंगराव पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवून घाव दाखवला. "बघा, आत्ताच मिटत आलाय. धार कच्ची असती तर महिनाभर चिघळला असता. तुम्ही दारात ओरडत होतात ना, तेव्हा ती बाई माझा हात राखत होती."

तिसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला. त्या सकाळी साऱ्या गावादेखत रंगराव गोजराबाईच्या ओसरीवर आले, खाली मांडी घालून बसले आणि डोक्याचे पागोटे काढून बाजूला ठेवले.

"गोजराबाई, माझी हजामत कराल?" असे म्हणून त्यांनी तिच्यापुढे मान लववली.