गोधडीची घडी

“जाताना वृंदा काही म्हणाली का?” सरांनी विचारलं.

“काहीच नाही. बॅग भरली आणि विट्याला माहेरी निघून गेली. फोन उचलते, बरी आहे म्हणते. कधी येणार विचारलं की गप्प...”

डॉ. श्रीरंग नलावडे विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचा प्रमुख होता. चाळिशीच्या आत हे पद मिळालेला माणूस जसा चालतो, तसाच तो चालायचा. डोईफोडे सर त्याचे गुरू. एम.ए.ला त्यांनी शिकवलं, पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली झाली, आणि वृंदाशी लग्नही सरांच्याच अंगणात ठरलं.

आता सर निवृत्त होते आणि एकटे होते. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत. पत्नी गेल्यावरही ती त्यांनी मोडली नव्हती. अंगणात तारेवर गोधड्या वाळत होत्या.

“भांडण कशावरून झालं?”

“भांडण झालंच नाही, सर. तेच तर सांगतोय. दूध उतू गेलं, एवढंच.”

सर ऐकत राहिले.

“त्या दिवशी विद्यापीठाला सुट्टी होती, तिच्या कॉलेजला नव्हती. मुलांच्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. निघताना म्हणाली, दूध तापत ठेवलंय, लक्ष ठेव. मी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहीत होतो. एरवी कुठे वेळ मिळतो, सर? नॅकची तयारी, व्हायवा, बैठका, पेपर तपासणी... जे काही लिहून होतं ते सुट्टीतच.”

“मग?”

“करपल्याचा वास आला तेव्हा उठलो. गॅस बंद केला. आणि तिला फोन केला.”

“कशाला?”

“दूध उतू गेलं, हे सांगायला.”



“ती तेव्हा लॅबमध्ये होती?”

“हो. परीक्षा घेत होती.”

“आणि ओटा?”

“ओटा...” श्रीरंग अडखळला. “संध्याकाळी ती आल्यावर तिनं पुसला. वाळून घट्ट बसलं होतं, खरवडावं लागलं. पण सर, मी काही लपवलं का? उलट लगेच कळवलं!”

हे तो अगदी मनापासून म्हणाला, आणि वाईट त्याचंच वाटतं. सगळा जन्म कार्यालयांना अहवाल पाठवण्यात गेला की माणसाला असं होतं. योग्य ठिकाणी कळवलं म्हणजे काम झालं, असं त्याला खरंच वाटायला लागतं.

“दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली,” श्रीरंग म्हणाला. “एका दुधावरून कुणी घर सोडतं का? माझं काय चुकलं, सांगा.”

सर उठले आणि तारेवरच्या गोधड्या चाचपून बघू लागले. एक ओलसर होती. दुसरी वाळली होती.

श्रीरंग त्यांच्या मागे गेला.

“तुम्ही तिला एक फोन करा, सर. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तिला समजावा, की...” त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “घर खायला उठतं हो. विभागात कुणाला बोललो नाही. पण कुलूप काढून आत गेलो की दिवासुद्धा लावावासा वाटत नाही. ती नाहीच आली तर मी काय करू?”

माणूस गर्विष्ठ होता, पण घाबरला होता. सरांना त्याची दया आली. ती त्यांनी दाखवली नाही.

“ही गोधडी वाळलीय. धर.”

“सर, फोनचं...”

“धर आधी.”

गोधडी मोठी होती, जुन्या लुगड्यांची, चांगली जाडजूड. दोघांनी दोन-दोन टोकं धरली. अंगणाच्या या कडेला सर, त्या कडेला श्रीरंग. झटकली. ज्यानं त्यानं आपापली दोन टोकं जुळवली. आता एकानं चालत जायचं आणि आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची.

श्रीरंग उभा राहिला.

सरही उभे राहिले.

“या ना, सर.”

सर हलले नाहीत. गोधडी मधोमध झोळीसारखी लोंबत होती.

“सर, तुमची टोकं इकडे द्या.”

“का?”

“त्याशिवाय घडी कशी होणार?”

“मी माझी टोकं नीट धरलीत,” सर म्हणाले. “सोडली नाहीत, ओढली नाहीत. माझं काय चुकलं?”

श्रीरंग हसायला गेला. हसू आलं नाही.

ऊन अंगावर येत होतं. सरांची सत्तरी उलटली होती. त्यांचे हात भरून आले, तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत.

“सर, दमाल तुम्ही. राहू द्या.”

“तू नाही दमलास?”





“दमलोय, सर. फार दमलोय.”

तरी तो थोडा वेळ तसाच उभा होता. मग निघाला. अंगण काही मोठं नव्हतं, पण त्याला वेळ लागला. सरांसमोर येऊन थांबला, आणि हातातली टोकं त्यांच्या हातात दिली.

त्याचे हात मोकळे झाले. त्यांचं काय करावं हे त्याला कळेना. विभागप्रमुख अंगणात हात लोंबते सोडून उभा होता, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

“समजा गेलो मी विट्याला,” तो म्हणाला. “आणि तिनं दारातूनच परत पाठवलं तर? सगळ्यांसमोर... मग काय करायचं, सर?”

“वाक, श्रीरंग. गोधडी जमिनीला टेकलीय.”