कमानीची घरपट्टी

आमचे सरपंच हणमंतराव फार मोठ्या मनाचे. त्यांनी वेशीवर सिमेंटची कमान उभी केली आणि तिच्यावर स्वतःचं नाव शेजारच्या गावातून वाचता येईल एवढं लिहिलं. शाळेचं छप्पर मात्र पडलेलं. ते पावसाळ्याआधी झालं नाही, तर पोरांना तीन कोसांवरच्या शाळेत धाडायचं ठरलं होतं. माझी नात त्यातलीच.

ग्रामसभेत मी छपराचं विचारलं. सरपंच म्हणाले, "तात्या, तुम्ही लोक घरपट्टी भरत नाही. शाळेला पैसा आणू कुठून?"

"खरं आहे. मग कमान कशी झाली?"

"ती मी माझ्या खिशातून बांधली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग ग्रामसेवकाला म्हणालो, "भाऊसाहेब, माझ्या पत्र्याच्या खोलीला घरपट्टी आहे. तशी सरपंचांच्या कमानीलाही लावा. पक्कं बांधकाम आहे, आणि मालकाचं नाव वर लिहिलेलंच आहे."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. हणमंतराव घाईनं उठले. "अहो तात्या, कमान माझी कशी? ती पंचायतीच्या पैशातून झालीय."

"बरं झालं. म्हणजे पैसा होता," मी म्हणालो. "भाऊसाहेब, मला लिहिता येत नाही. सरपंच आत्ता बोलले तेवढं वहीत उतरवा आणि खाली त्यांची सही घ्या."

सरपंचांनी पेन हातात घेतलं आणि सही न करताच खाली ठेवलं. सहीपेक्षा छप्पर स्वस्त पडेल, असं त्यांना वाटलं असावं. पुढच्या सोमवारी शाळेवर पत्रे चढले.