राजा भद्रसेनाचे तीन प्रश्न

एका राज्यात एक अथांग सरोवर होते आणि सरोवराच्या तळाशी, सोन्याच्या राशीवर, एक महानाग निजला होता. तो जागा झाला की पाणी गावांवर चालून येई. त्याला निजवायचे एक गाणे होते. नाग कोवळाच आवाज ऐके, म्हणून राजघराण्यातले वडीलधारे ते गाणे लेकरांना शिकवीत.

कालजिव्ह नावाच्या मांत्रिकाला ते सोने हवे होते. राज्य बुडावे आणि नाग पुराबरोबर निघून जावा, म्हणून त्याने शाप दिला, "येथले मोठे जे सांगतील ते लहानांना पाचोळ्याच्या सळसळीसारखे ऐकू येईल!"

तसेच झाले. आजे-आज्या गोष्टी सांगू लागत, मुले सळसळ ऐकून कंटाळत, उठून जात. गाणे लिहावे तर अक्षरे उडून जात. हळूहळू म्हातारी माणसे मुकी झाली.

वृद्ध राजा भद्रसेनाचा पुत्र रणात पडला होता. मागे एकच नात, कुवलया. तिला गाणे कसे शिकवावे? राजा काठी टेकीत डोंगर चढला आणि बोलणाऱ्या नीलकंठ पक्ष्यापुढे उभा राहिला.

पक्षी म्हणाला, "राजा, शाप सांगण्यावर आहे, विचारण्यावर नाही. नातीला तीन प्रश्न विचार, तिन्ही तिला कळले की शाप तुटेल. मात्र ज्याचे उत्तर तुला ठाऊक असेल, त्या प्रश्नाचाही पाचोळा होईल."

"मी राजा आहे. ठाऊक नसलेले विचारायची मला सवय नाही."

"म्हणूनच मांत्रिक निर्धास्त आहे," पक्षी म्हणाला.

राजा खाली आला तो सरोवराला उकळी फुटू लागली होती. कुवलया घाटावर बसून पानांचे द्रोण पाण्यात सोडत होती. राजाने घाईघाईने विचारले, "आपल्या कुळाचा मूळपुरुष कोण?" सळसळ झाली. मुलीने मानही वळवली नाही.

राजा हताश होऊन तिच्याजवळ पायरीवर टेकला. तेव्हा त्याला दिसले, प्रत्येक द्रोणात ती मूठभर लाह्या घालत होती. त्याला खरोखरच नवल वाटले.

"लाह्या कशाला गं?"

कुवलया दचकली. "आजोबा! तुम्ही बोललात! मला कळलं!" मग म्हणाली, "नागाला. भुकेनं जागा झाला, तर खाऊन पुन्हा निजेल."

"तिथं नाग आहे हे तुला कसं कळलं?"

"पाणी श्वास घेतं ना! आई निजली की तिचं पोट हलतं, तसं हळूहळू वरखाली होतं. तुम्ही नाही पाहिलंत?"

राजाने जन्मभर ते सरोवर पाहिले होते. हे कधी पाहिले नव्हते. इतक्यात पाण्याने पायरी गिळली. राजाच्या मनात शंभर प्रश्न आले, पण साऱ्यांची उत्तरे त्याला पाठ होती. शेवटी त्याने नातीच्या तोंडाकडे पाहिले.

"बाळ, माझ्याकडून तुला काय ऐकायचं आहे?"

कुवलया विचारात पडली. पाणी गुडघ्यांना लागले. "बाबा लहानपणी नागाला भीत होते का?"

आता सांगायचे होते, विचारायचे नव्हते. तरी राजाने तोंड उघडले. "भीत होता. गाणं अर्ध्यावर टाकून माझ्या उपरण्यात शिरला होता."

कुवलया खुदकन हसली. तिला शब्दन् शब्द कळला होता! "मग?"

"मग मी त्याच्या कानात गाणं म्हटलं. असं..."

पलीकडच्या तीरावर मंत्र पुटपुटणाऱ्या कालजिव्हाची जीभ वाळल्या पानासारखी गळून पडली. नागाने सरोवराबाहेर फणा काढला. राजाचा हात घट्ट धरून कुवलया गायली. आवाज कापला, पण तिने गाणे अर्ध्यावर टाकले नाही. नागाचे डोळे जडावले. तो तळाशी गेला, पाणी पायऱ्या उतरले.

गावोगावच्या ओसऱ्या पुन्हा बोलू लागल्या. त्या दिवशी मात्र दरबार भरला नाही. प्रधान घाटावर निरोप घेऊन आला, तेव्हा राजाने त्याला हाताने थांबवले; कुवलया विचारत होती, "आणि आजोबा, तुम्ही लहान असताना?"