कुलपाचा फोटो

नगराध्यक्ष दत्ताजीरावांनी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं, थाटात फीत कापली, आणि वापरलं की घाण होतं म्हणून त्याच दिवशी कुलूप ठोकलं! भाजीवाल्या बिचाऱ्या दिवसभर पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. मग बांगडीवाली सुलभा खैरमोडे रोज त्या कुलपाचा फोटो फेसबुकवर टाकू लागली. फोटो गावभर फिरला.

दत्ताजीराव तरातरा तिच्या दुकानापुढे आले. "माझी बदनामी करतेस? आधी तो फोटो डिलीट कर!"

"साहेब, फोटो गेला तरी कुलूप राहणारच," सुलभा शांतपणे म्हणाली. "त्यापेक्षा कुलूपच काढा. मग मी खोटी ठरेन आणि सगळं गाव मला हसेल."

भाजीवाल्या पदराआड हसल्या. दत्ताजीरावांनी मुकाट्याने किल्ली मागवली.

संध्याकाळी सुलभाने उघड्या दाराचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "मी खोटी पडले. साहेब जिंकले!"