गवताचं ऐकणारी माळीण

सरका बघू जवळ. चिंगे, पाय नको मारूस. हां, ऐका.

एका नगरात एक राणी होती. हेमकळा तिचं नाव. मनानं चांगली हो, पण महालासमोरच्या हिरवळीचा तिला भारी सोस. ती गालिच्यासारखी दिसली पाहिजे नि सदा ओलीचिंब राहिली पाहिजे. मग काय, सकाळी पाणी, भर दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. दोन मोटा दिवसभर चालायच्या. पाणी कुठलं? गावच्या तळ्यातलं.

हिरवळ राखायला होती येसू माळीण. कामाला चोख, बोलायला हळू.

होता होता तळं आटायला लागलं. बायका घागरी घेऊन यायच्या, तर पायऱ्या संपल्या तरी पाणी लागेना. चिखलात उतरून वाटीवाटीनं भरायच्या बिचाऱ्या.

एके दिवशी येसू तळ्यावर गेली, तर काय बघते! पाण्यात एक बाई उभी. हिरवं लुगडं, केसांतून पाणी ठिबकतंय नि डोक्यावर बोचकं. ती होती आसरा. आसरा म्हणजे पाण्यात राहणारी देवी, बरं का. ती आहे तोवर तळ्याला पाणी.

"कुठं निघालात, आसराबाई?" येसूनं विचारलं.

"दुसरं तळं बघते. इथं घोट्याएवढं पाणी उरलंय. कशी राहू?"

येसूनं आसरेचे पाय धरले. "गावाला तहानेलं टाकून नका हो जाऊ!"

"मग तुझ्या हिरवळीला विचार, तिला एवढं पाणी लागतं का," आसरा म्हणाली. तिनं आपलं ओलं बोट येसूच्या कानाला लावलं. "पंधरा दिवस थांबते मी."

मग येसू बागेत आली. दुपारची वेळ. तिनं पाट सोडला नि गवत चक्क बोललं, "अगं येसू, हे पाणी सगळं ऊनच पिऊन टाकतंय!" येसूनं लगेच पाट बंद केला. दुसऱ्या दिवशी पहाटे गारव्यात पाणी दिलं.

त्याच्या पुढच्या पहाटे ती आली, तर गवत म्हणालं, "कालचं पाणी अजून मुळाशी आहे गं. रोज नको. चार दिवसांनी दे, पण पोटभर दे. मुळं आमची खोल जाऊ देत."

मग एकदा ती विळा घेऊन बसली. गवत म्हणालं, "बुडाशी कापू नकोस. जरा उंच राहू दे. आमचीच सावली आमच्या पायाशी पडेल."

येसूनं तसंच केलं.

पण राणीनं पाहिलं, मोटा थांबल्यात, गवत वाढलंय. आली तरातरा. "येसू! पाणी सोड, नाहीतर नगर सोड!"

पण येसू म्हणाली, "राणीसाहेब, अनवाणी चार पावलं चाला. पाऊल उमटून राहिलं तर गवत तहानेलं. मग मी निघते."

राणी चालली. गवत दबलं नि लगेच ताठ उभं राहिलं! ती पुन्हा चालली. पुन्हा तेच. तळव्यांना कसं गार गार लागलं. राणीचा राग निवळला. "हे तुला कुणी शिकवलं गं?"

येसू तिला तळ्यावर घेऊन गेली. राणी याआधी कधी तिकडे गेलीच नव्हती. चिखलात वाकलेल्या बायका तिनं पाहिल्या.

"हे माझ्या हिरवळीमुळं?"

"हो, राणीसाहेब."

तेवढ्यात समोर आसरा दिसली. राणी जरीच्या लुगड्यानिशी चिखलात उतरली, आसरेच्या डोक्यावरचं बोचकं तिनं स्वतः उतरवून घेतलं. "राहा बाई. चुकलं माझं."

आसरा हसली नि आहे तिथंच फतकल मारून बसली. ती बसली तिथून बुडबुड बुडबुड झरे फुटले! पाणी एक पायरी चढलं, दोन चढलं, तीन चढलं. बायकांनी घागरी बुडवल्या. राणीही एक भरू लागली.

मग चार दिवसांतून एकदा, पहाटेच्या गारव्यात मोटा चालायच्या. हिरवळ हिरवी राहिली, तळं भरलेलं राहिलं. पोरं त्यात डुंबायची. सगळी सुखात नांदली.

झाली गोष्ट. पांघरूण घ्या नि निजा आता गुमान.