दीड आटा

"मग बोलणार कोण? मी?"

दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं आणि हात धुणं चालूच ठेवलं. पन्नास वर्षं गाड्यांखाली घालवलेल्या माणसाचे ते हात. साबणाची वडी झिजली, तरी नखांतलं काळं जाईना.

विश्वजित सरनोबत शेडच्या दारातच उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घडी घातलेला कागद. तोंड मात्र नापास झालेल्या पोरासारखं.

"दुसऱ्या कुणालाही सांगा, चाचा. मी नाही बोलणार."

पाच वाजता आजरेकर साहेबांची शोकसभा होती.

आजरेकर साहेब म्हणजे कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतले इंजिनिअर. सहा दिवस लोखंड वितळवायचं आणि सातव्या दिवशी शर्यतीत गाडी पळवायची. सगळं हौसेपायी. पस्तीस वर्षं पळवली. पहिला नंबर एकदाही आला नाही, आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. शर्यत संपली की ते फाटकाशी उभे राहून परतणारे ड्रायव्हर मोजायचे आणि म्हणायचे, "सगळे घरी जेवायला चालले. जिंकलो!"

लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या गाड्यांतले, उलटल्यावर छत चेपू नये म्हणूनचे लोखंडी पिंजरे आणि छातीवरचे पट्टे याच माणसाने आपली दुपारची झोप मोडून बसवलेले असायचे. वय झालं तसं पळवणं सुटलं, तपासणं सुटलं नाही. गेल्या सोमवारी ब्याऐंशीव्या वर्षी झोपेतच गेले.

त्यांचा खरा शिष्य कोण म्हणून विचारलं तर सगळे विश्वजितचंच नाव घेत. शर्यतीतली प्रत्येक गाडी आताशा तोच तपासायचा.

"का बोलणार न्हाईस?"

"मला तोंड नाही, चाचा."

"तोंड हाय की. त्याच्यावर मिशीबी हाय."

विश्वजित हसला नाही. एरवी चाचांच्या असल्या बोलण्यावर तो पोट धरून हसायचा.

"साहेबांचा तो नियम आठवतो?"

"कंचा? साहेबांचं छप्पन नियम व्हतं."

"ज्याला हरवायचंय, त्याची गाडी तू तपास."

असला नियम साहेबांच्याच डोक्यातून निघावा. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या गाडीवर माणसाची माया असते, तिचा दोष त्याला दिसत नाही. वैऱ्याच्या गाडीतलं कुसळ मात्र बरोबर दिसतं. म्हणून शर्यतीच्या सकाळी प्रत्येकाने प्रतिस्पर्ध्याच्या गाडीचे बोल्ट तपासायचे. सैल असेल तो आवळायचा आणि त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, बोल्टपासून खालच्या पत्र्यापर्यंत. बोल्ट हलला की रेघ तुटते. पाहणाऱ्याला लगेच कळतं.

"नऊ वर्षांमागची ती घाटातली शर्यत," विश्वजित म्हणाला. "माझ्याकडे जयपालची गाडी होती."

जयपाल चौगुले. विश्वजितला हरवू शकेल असा त्या काळी तो एकटाच होता.

"त्याच्या पट्ट्याचा बोल्ट सैल होता, चाचा. बोटानं फिरत होता. मी पाहिला... आणि तसाच ठेवला. वर पिवळी रेघ ओढली."

मिस्त्रींनी नळ बंद केला.

...

"तुला त्यो मरायला पायजे व्हता?"

"नाही! देवाशपथ नाही. पट्टा ढिला लागला की तो वळणावर कचरेल, दोन सेकंद मागे पडेल... एवढंच."

"दोन सेकंदं."

"हो."

 मिस्त्रींनी शिव्या घातल्या असत्या तर विश्वजितला बरं वाटलं असतं.

पुढचं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. त्याची स्वतःची फेरी आधी झाली होती आणि तो घाटमाथ्यावर उभा होता. खालून आवाज आला. आठव्या वळणावर जयपालच्या गाडीने दोन कोलांट्या खाल्ल्या. विश्वजित धावत पोचला तेव्हा गाडी छपरावर पडलेली, आणि जयपाल पट्ट्याला उलटा लटकून सगळ्या घाटाला शिव्या देत होता. अंगावर ओरखडा नाही. बाहेर काढल्यावर त्याने पहिल्यांदा काय मागितलं, तर चहा.

कप विश्वजितला मिळाला. त्या दिवसानंतर तो शर्यतीत उतरलाच नाही. लोक म्हणाले, पोरगं साहेबांच्या वळणावर गेलं.

"सैल बोल्ट टिकला कसा, ते मला आजवर कळलेलं नाही. देवानं वाचवलं त्याला. आणि आता मी माइकसमोर उभा राहून सांगू, की साहेबांनी मला काय शिकवलं? बोलायचंच असेल तर हे बोलतो. भर सभेत. होऊन जाऊ दे एकदाचं."

मिस्त्रींनी टॉवेलला हात पुसले. मग उजव्या हाताचं एक बोट हवेत धरून सावकाश फिरवलं. पूर्ण एक वेढा. त्यानंतर आणखी अर्धा.

बोट थांबलं.

"दीड आटा," ते म्हणाले. "दीड आटा सैल व्हता."

विश्वजितने झटकन मान वर केली. बोल्ट किती सैल होता, हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

...

"तुम्हाला... कसं ठाऊक?"

"मग आवळला कुणी? देवानं? देवाकडं सतरा नंबरचा पाना कुठनं आला?"

विश्वजित दारातून आत आला.

"तुमी समदी तपासून गेलासा की साहेब मागनं जायचं. परत्येक गाडीला. गुपचूप. कुणाला कळू द्यायचं न्हाईत. तुझ्या बोल्टला पाना लावला, त्यो फिरला, रेघ तुटली. त्यांनी आवळला. तुझी रेघ पुसली आन् आपल्या हातानं दुसरी वढली. रंगाचा डबा मीच धरला व्हता."

"म्हणजे जयपाल गाडीत बसला तेव्हा..."

"तवा त्या बोल्टाला म्हस टांगली असती, तरी हालला नसता."

शेजारी एक जुना टायर पडला होता. विश्वजित त्यावर बसला. इस्त्रीच्या पँटची त्याला शुद्ध नव्हती. जे मरण नऊ वर्षं त्याच्या ताटासमोर येऊन बसत होतं, ते त्या घाटात आलंच नव्हतं. छातीवरची धोंड कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. तो रडला, मग रडता रडता हसला, आणि त्याला पोटभर श्वास आला.

मिस्त्रींनी ओला टॉवेल त्याच्याकडे फेकला.

तोंड पुसून झाल्यावर त्याला राग आला. सुटका झालेल्या माणसाला आधी रागच येतो.

"मग मला सांगितलं का नाही? नऊ वर्षं, चाचा! नऊ!"

"साहेबांनी बजावलं व्हतं. 'त्यानं आपणहून तोंड उघडलं तरच सांग.' तू आज उघडलंस. आन् मला काय इचारतोस? मी तर म्हनलो व्हतो, ह्याला पयलं फाटकाभाईर काढा. वरीसभर तुला च्या इचारला न्हाई मी. ध्यानात हाय?"

ध्यानात होतं. चाचांना साखर निघाली असेल, असं तेव्हा विश्वजितला वाटलं होतं.

"साहेब काय म्हणाले?"

"काय म्हनणार? त्यांनी तुला घाट उतरताना बघितलं व्हतं. कप जिंकलेला गडी, एका पायात बूट, डाक्टरच्या म्होरं पळतोय. फुडल्या साली रंगाचा डबा तुझ्या हातात दिला आन् समद्या गाड्या तुझ्यावर सोपवल्या. मी भांडलो. म्हनलो, साहेब, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या? तर म्हनलं, 'दस्तगीर, ज्याची झोप उडालीय, त्यालाच राखणीला बसवावं.'"

...

विश्वजितला तो दिवस आठवला. साहेब डबा पुढे करून नेहमीसारखे हसले होते, आणि विश्वजितच्या मनात आलं होतं, किती भोळा माणूस हा! भोळं कोण होतं ते आज कळलं. त्याला साहेबांची फार आठवण आली. आत्ता ते समोर असते, तर त्याने त्यांचे पाय धरले असते, आणि ते ओशाळून दोन पावलं मागे सरकले असते.

तो उठला.

"तरी मी सभेत सांगतोच. सगळ्यांच्या देखत."

"सभा साहेबांची हाय," मिस्त्री म्हणाले. "तुझी न्हाई."

विश्वजितने मान खाली घातली. पश्चात्तापालासुद्धा मिरवायची हौस असते, हे तोवर त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग काय बोलू?"

"त्यांनी काय केलं, ते बोल. तुला माहीत न्हाई व्हय?"

विश्वजितने हातातला कागद उलगडला. वाचला. त्यात 'मी' फार होता. त्याने तो चुरगळून खिशात कोंबला.

"बोलतो," तो म्हणाला. आता ते अवघड वाटत नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला. पाठोपाठ भरदार आवाज आला.

"विशू! चाचा! चला की! साहेबांच्या सभेला उशीर? वरनं शिव्या घालतील!"

जयपाल चौगुले आपली गाडी घेऊन दोघांना न्यायला आला होता. पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं, काचेतून बाहेर आलेल्या हातात अर्धं खाल्लेलं केळं. दर लग्नात, दर शर्यतीत विश्वजित या माणसाची नजर चुकवत आला होता. आज त्याने त्याच्याकडे थेट बघितलं. केवढा जिवंत होता तो!

"काय बघतोयस? केळं पायजे काय?" जयपाल ओरडला.

मिस्त्रींनी टोपी घातली. शेडचं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.

"चाचा," विश्वजित हळू आवाजात म्हणाला, "याला मात्र सांगावं लागेल."

"सांग की. त्याचा हक्क हाय."

"आजच?"

"आजच."

"मग वाटेतच सांगतो."

मिस्त्री थबकले. त्यांनी जयपालकडे बघितलं, मग विश्वजितकडे.

"वाटंत नगं," ते म्हणाले. "गाडी हुबी असताना सांग."